मामांची श्रावणातली चिलापी

जगात मासे खाणारे पुष्कळ आहेत, पकडणारेही आहेत. पण ताटात वाढलेल्या बांगड्याला हात लावण्याआधी त्याच्या बालपणाची चौकशी करणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. म्हणजे नात्याने माझे मामेसासरे. लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड. विमा कचेरीतून निवृत्त झालेली माणसं सकाळी फिरायला जातात, नातवंडांना शाळेत सोडतात, नाहीतर पेपर वाचून सरकारवर रागावतात. मामांनी शाश्वत मत्स्यशेतीच्या दूरशिक्षण अभ्यासक्रमात नाव घातलं. अभ्यासक्रम अर्धवेळ होता. उरलेला अर्धा वेळ ते आम्हाला शिकवत.

मी आणि बायको रविवारी दादरहून त्यांच्याकडे जेवायला जायचो. मामींच्या हातचं तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं समोर आलं, की माणसाने बोलू नये, जेवावं. पण मामा घास हातात धरून विचारत, "जावईबापू, याला एकदा तरी अंडी घालायची संधी मिळाली होती का, याचा विचार केलात?" मी केला नव्हता. मी भाताचा विचार करत होतो. एका रविवारी तर ते फूटपट्टी घेऊन पानावर बसले आणि माझ्या ताटातला बांगडा अल्पवयीन आहे असं त्यांनी जाहीर केलं. मामींनी फूटपट्टी काढून घेतली आणि त्या अल्पवयीन बांगड्यावर आणखी एक डाव रस्सा ओतला. बाजारातही तीच तऱ्हा. शीव कोळीवाड्याहून येणाऱ्या एका मावशींकडून मामांच्या घरी वर्षानुवर्षं मासळी यायची. पूर्वी मामा माशाचे कल्ले बघत. आता ते कुठल्या पाण्यातला, कुठल्या जाळ्यातला, बरोबर आणखी कोण होतं, असं सगळं विचारू लागले. शेवटी मावशी म्हणाल्या, "मामा, घ्यायचा तर घ्या. त्याची सोयरीक नका जमवू." मामांनी हा किस्सा स्वतःच आम्हाला सांगितला, आणि मावशींना पुरवठा साखळीची जाण नाही याबद्दल हळहळ व्यक्त केली.

आता या अभ्यासामागे एक वचन होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मामांनी आयुष्यात सुरू केलेल्या गोष्टी अनेक, पुरी केलेली एकही नाही. बासरी घेतली, ती सारेगमच्या पुढे गेली नाही. मोडी लिपी शिकले, ती इस्त्रीवाल्याला कपड्यांची यादी मोडीत लिहून देण्यापर्यंत. त्या आठवड्यात ते शेजाऱ्याचा शर्ट घालून हिंडत होते. मधमाश्या पाळल्या, त्या महिनाभरात समोरच्या दंतवैद्याच्या पाटीमागे राहायला गेल्या, आणि मामा रोज सकाळी गॅलरीतून त्यांची ख्यालीखुशाली विचारत राहिले. त्यांचं खरं स्वप्न एकच होतं. देवगडच्या बाजूला गावी त्यांचं खाजण आहे. भरतीचं खारं पाणी शिरतं म्हणून तिथे धड भात होत नाही. तिथे तळं खणायचं, मासे वाढवायचे आणि मामींना घेऊन कायमचं तिथे राहायचं. मामी मात्र जन्मल्या लालबागला, वाढल्या लालबागला. त्यांचं भजनी मंडळ इथे, बहीण गिरगावात, गणपतीत माणसांचा पूर इथे. गावी चार दिवस राहिल्या की शांततेने त्यांचं डोकं दुखतं. मामा तळ्याचा विषय काढायचे थांबेनात, तेव्हा सत्यनारायणाच्या पूजेला जमलेल्या सगळ्या नातेवाइकांसमोर, प्रसादाची वाटी हातात धरून मामी म्हणाल्या, "तुमी एक कोर्स पुरो करून पास होवन दाखवा. मी बॅगा भरून गावाक येतलंय." सगळे हसले. मामीही हसल्या. हे वचन देण्यात काडीचाही धोका नाही, याची त्यांना खात्री होती.

पण या वेळी मामा अडले नाहीत. मोबाइलवर वर्ग असायचा. त्यासाठी ते इस्त्रीचा शर्ट घालत, चपला दाराबाहेर काढत आणि पडद्यावर मॅडम आल्या की उठून उभे राहत, त्यामुळे मॅडमना कितीतरी दिवस या विद्यार्थ्याचं फक्त पोट दिसायचं. मॅडम माझ्या बायकोपेक्षाही लहान. वर्गातल्या इतर मुलांना मामा 'माझे वर्गबंधू' म्हणत आणि त्यातल्या कोणाला परीक्षेत कमी मार्क मिळाले की मामींकडून शिरा करून घेऊन स्वतःच खात आणि फोनवरून त्याला धीर देत. सगळ्या मजल्याला अभ्यासक्रम तोंडपाठ झाला. शेजारच्या बाई पापड लाटता लाटता विरघळलेल्या प्राणवायूबद्दल बोलायला लागल्या, तेव्हा मला मामींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काळजी दिसली.

मग प्रात्यक्षिक आलं. मामांनी गच्चीवर निळी पिंपं मांडली, हवा सोडणारा पंप लावला आणि चिलापीची बोटभर पिल्लं आणून सोडली. मालवणी माणसाच्या घरात चिलापी म्हणजे मोठीच नामुष्की. सुरमई-पापलेटावर वाढलेल्या खानदानाने गोड्या पाण्यातला मासा दारात आणला, म्हणून एका चुलतभावाने त्यांच्याकडे येणं सोडलं. पिंपातलं पाणी वर चढवून कुंड्यांतल्या अळूला द्यायचं आणि गाळून परत माशांना, अशी सगळी शाश्वत व्यवस्था होती. अळू असं माजलं, की त्याच्या पानाआड उभं राहून एकमेकांची चुगली करता येई. एका दुपारी वीज गेली आणि पंप बंद पडला. मासे पाण्याच्या वर तोंडं काढून धापा टाकायला लागले, आणि पिंपांशेजारी मामाही. तेव्हा मामींचं भजनी मंडळच्या मंडळ तांबे घेऊन गच्चीवर धावलं. पिंपातलं पाणी तांब्यात घ्यायचं आणि उंचावरून परत पिंपात सोडायचं. हात चुकू नयेत म्हणून त्यांनी गवळण धरली, मामा टाळ वाजवत पिंपांभोवती फिरू लागले, आणि त्या तालावर माशांना वीज येईपर्यंत प्राणवायू मिळत राहिला. सगळ्यांत उंचावरून पाणी सोडत होत्या त्या मामी. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

मामांनी सगळ्याचा हिशेब केला होता. पाण्याचं तापमान, खाद्य, वाढीचा वेग. फक्त मासा खाण्याजोगा होईल तेव्हा श्रावण असेल, हे या कोकणी गृहस्थाच्या डोक्यात आलं नाही. प्रकल्पाची अट अशी होती, की विद्यार्थ्याखेरीज दुसऱ्या कोणा मुरलेल्या मत्स्याहारी माणसाने तो मासा मॅडमसमोर खाऊन चवीबद्दल मत द्यायचं, आणि तेही नारळी पौर्णिमेच्या आत. त्याशिवाय पास नाही. आणि लालबागच्या त्या अख्ख्या चाळीत श्रावणात माशाच्या वाऱ्याला उभं राहणारा एकही माणूस नव्हता. उलट, माशांच्या पाण्यावर वाढलेल्या अळूच्या वड्या श्रावणात चालतात की नाही, यावर तळमजल्यावर सभा भरली. पान शाकाहारी असलं तरी त्याचं खाणंपिणं तसं नाही, असा एक पक्ष होता. वाद रंगला, आणि तो रंगत असताना दोन्ही पक्षांनी वड्या संपवल्या.

मामा सगळीकडे फिरले. कोळीवाड्याच्या मावशींनी सांगितलं, दर्याला नारळ दिल्याबिगर त्या मासळी तोंडात घालत नाहीत. मी आणि बायकोही श्रावण पाळणारे, म्हणून मी लोअर परळच्या माझ्या ऑफिसातला, सगळं काही खाणारा एक दिल्लीकर सुचवला. मामांनी त्याला फोनवर विचारलं, ताजा मासा कसा ओळखाल, तर तो म्हणाला, पाकिटावरची तारीख बघून. मॅडमना मुदत वाढवून मागितली. त्या म्हणाल्या, काका, मी स्वतः श्रावण पाळते, पण अभ्यासक्रमात श्रावण नाही. मामांचा चेहरा उतरला. त्यातून पुस्तकात लिहिलं होतं की मासे काढण्याआधी काही दिवस त्यांना स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवावं, म्हणजे अंगचा चिखलाचा वास जातो. मामांना ते जमेना. "घरून निघालेल्या पाहुण्याला कोणी उपाशी पाठवतं का?" असं म्हणून ते मूठमूठ खाद्य टाकत राहिले. त्या सोमवारी सगळ्या चाळीचा उपास होता. माशांचा तेवढा नव्हता.

ठरल्या दिवशी सकाळी मी गेलो, तेव्हा मामा इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत नुसतेच बसले होते. खाणारं कोणी मिळालं नव्हतं. मॅडमना फोन करून नाव मागे घेतो म्हणाले. त्यांच्या आवाजात बासरी, मोडी आणि मधमाश्या सगळं होतं, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. मामी आतून आल्या. देव्हाऱ्याच्या घरात मासा नको म्हणून त्यांनी तवा आणि गॅसची लहान शेगडी गच्चीवर नेली. चिलापीला कोकमाचं आगळ लावलं, मसाला लावला, रव्यात घोळवली आणि तळली. मॅडम पडद्यावर आल्या. मामींनी पदर खोचला आणि बशी पुढ्यात घेतली. मामा घाबरून म्हणाले, अगो, तू श्रावण मोडू नको. लग्नानंतर एकही श्रावण त्यांनी मोडला नव्हता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"देवाक काय सांगूचा ता माझा मी सांगतलंय," मामी म्हणाल्या, आणि त्यांनी घास घेतला.

जिन्याच्या तोंडाशी नाक नेऊन कुठल्या मजल्यावर कालची मासळी शिजते आहे, हे सांगणारी ही बाई. ती सावकाश चावत होती. वीज गेलेल्या दुपारी माशांनी काढली होती तशी मामांनी तोंड उघडून मान वर काढली होती.

"मासो बरो आसा," मामी मोबाइलकडे बघून म्हणाल्या. "गोडो आसा. चिखलाचो वास अजिबात येणा नाय."

मामा पास झाले. चांगल्या मार्कांनी झाले आणि निकालाच्या दिवशी त्यांनी अख्ख्या चाळीला पेढे वाटले. दंतवैद्याच्या पाटीमागच्या मधमाश्यांनाही गॅलरीतून हात केला. गणपती विसर्जन झाल्यावर मामींनी, बोलल्याप्रमाणे, बॅगा भरल्या. भजनी मंडळ निरोप द्यायला खाली उतरलं आणि कोणालाच गवळण सुचेना. मामी प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. निघताना मामांनी आमच्या हातात एक पिशवी दिली. पिंपातली शेवटची चिलापी, साफ करून, बर्फात घालून. कशी लागली ते फोन करून सांगा म्हणाले. मामी गाडीत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग खिडकीबाहेर, वरच्या गच्चीकडे पाहत राहिल्या.

पुढच्या रविवारी जायला लालबाग उरलं नव्हतं, म्हणून बायकोने ती चिलापी घरीच तळली. मामींनीच शिकवलेला मसाला, तसंच आगळ, तसाच रवा. पहिला घास तोंडात घातला आणि मी थांबलो. मसाल्याखाली सरळसरळ चिखल होता; पावसात मैदानावर तोंडावर पडल्यावर लागतो तसा. मी बायकोकडे पाहिलं. तीही चावायची थांबली होती. त्या एका वासावर मामी आयुष्यभर लालबागला राहू शकल्या असत्या, खरं बोलून, श्रावण न मोडता. तेवढ्यात मामांचा फोन आला, तळं खणायला सुरुवात झाली होती, मागे मामी कोणावर तरी ओरडत होत्या, आणि मामांनी विचारलं, कशी लागली?

बायकोने डोळे पुसले, फोन माझ्या हातून घेतला आणि म्हणाली, "मामा, चिखलाचा वास अजिबात नाही." मग आम्ही ती चिलापी काट्यापर्यंत संपवली.