मागे कळवायचं राहिलं

ट्रक चालवणाऱ्याला सीबी रेडिओचा आता काही उपयोग असतो का, असं डेट्रॉइटजवळच्या आमच्या नोव्हाय गावातल्या मराठी मंडळींत मला बऱ्याचदा कोणी ना कोणी विचारतं. विचारणारे सगळे गाड्यांच्या कंपन्यांतले इंजिनिअर. मीही एकेकाळी त्यांच्यातलाच, त्यामुळे पहिली दोन वर्षं मी त्यांना त्यांच्याच थाटात उत्तर द्यायचो. "अहो, डेड टेक्नॉलॉजी आहे ती. फोनवर मॅप असतो, कंपनीचा टॅब्लेट असतो. रेडिओवर कोण बोलतंय आता?" एवढं बोलून मी विषय बदलायचो. प्रत्यक्षात माझ्या ट्रकमध्ये सीबी होता आणि तो दिवसभर चालू असायचा. मी त्यावर बोलत नव्हतो, आणि का बोलत नव्हतो ते सांगायची मला लाज वाटत होती.

एक्कावन्नाव्या वर्षी माझी नोकरी गेली. ग्रीन कार्ड हातात होतं, मुलगी हायस्कूलला होती, आणि आठ महिने इंटरव्ह्यू देऊन माझ्या लक्षात आलं की माझ्या वयाचा इंजिनिअर कोणालाच नको आहे. मग मी ट्रकचं लायसन्स काढलं. डेट्रॉइटकडून सीटचे सुटे भाग भरायचे आणि पश्चिम मिशिगनमधल्या कारखान्यात नेऊन उतरवायचे, असं काम. घरी मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट्स अ‍ॅक्च्युअली कूल." बायको मात्र चारचौघांत सांगायची, "हे आता लॉजिस्टिक्समध्ये आहेत." मी तिला कधी दुरुस्त केलं नाही. नागपूरला भावाला तर मी स्वतःच 'सप्लाय चेन' म्हणून सांगितलं होतं.

सीबी म्हणजे दोन-चार मैलांच्या टप्प्यात चालणारा साधा रेडिओ. माइकचं बटण दाबून बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एकोणीस नंबरच्या चॅनेलवर आसपासचे सगळे ट्रकवाले ऐकत असतात. त्यात बाष्कळ बडबड भरपूर चालते, शिव्याही असतात. पण एक रिवाज सगळे पाळतात. पुढे काही अडलं असेल तर जो ऐकेल त्याने ते मागच्यांना कळवायचं, कारण पुढच्याचा आवाज मागे फार लांब पोहोचत नाही. ही रीत मला शिकवणाऱ्या ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी सांगितली होती.

दुसऱ्या आठवड्यात मी उत्साहाने माइक उचलला आणि पुढच्या वजनकाट्याबद्दल विचारलं. उत्तर आलं नाही. माझंच वाक्य परत आलं, माझ्याच सुरात, हेल काढून, कोणीतरी मान डोलावत म्हटल्यासारखं. मग दुसऱ्याने ते म्हटलं, तिसऱ्याने म्हटलं, आणि पाच मिनिटं ते सगळे खिदळत होते. वीस वर्षं मी या देशात मीटिंगा घेतल्या होत्या. माझे कान गरम झाले. मी माइक हुकाला अडकवला तो अडकवलाच. ऐकायचो सगळं, म्हणजे फायदा घ्यायचो आणि स्वतः मूग गिळून बसायचो.

पुढच्या फेब्रुवारीत, दुपारी बाराच्या सुमारास, मी इंटरस्टेटवरून पश्चिमेला चाललो होतो. ऊन पडलं होतं. लेक मिशिगन या मोठ्या तळ्याकडून येणारं बर्फ त्या भागात असंच येतं, ऊन असताना. समोर एक पांढरी भिंत दिसायला लागली, पण मॅपवर रस्ता हिरवागार, म्हणजे मोकळा होता. तेवढ्यात रेडिओ खरखरला. कोणीतरी तुटक आवाजात सांगत होतं की पुलाच्या पलीकडे ट्रक आडवा झालाय, दोन्ही लेन बंद आहेत, हळू व्हा, मागे कळवा. त्याचा आवाज इतका पुसट होता की माझ्या मागे एखादा मैलसुद्धा तो पोहोचणार नव्हता, आणि हे मला त्याच वेळी कळलं होतं. मी वेग उतरवला, धोक्याचे दिवे लावले. भिंतीत शिरलो तेव्हा मला माझ्याच ट्रकचं नाक दिसत नव्हतं. चालण्याच्या वेगाने गेलो म्हणून पुढे थांबलेल्या गाड्यांच्या मागे मी धडपणे थांबू शकलो.

मग मी माइक हातात घेतला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माइक माझ्या हातात होता, अंगठा बटणावर होता, आणि मी मनात वाक्य जुळवत होतो. ईमेल पाठवण्यापूर्वी आपण जसं तीनदा वाचतो तसं. आधी काय म्हणायचं, मैलाचा आकडा कुठे घालायचा, कुठला शब्द माझ्या तोंडून नीट येणार नाही. एक वाक्य झालं, ते मला बावळट वाटलं, दुसरं केलं. मग वाटलं, मागचे मॅप बघत असतीलच. मग वाटलं, दुसरा कोणीतरी सांगेल. माझ्यामागे दोन कार येऊन थांबल्या, ते मी आरशात पाहिलं. पाच मिनिटं तरी गेली असतील. बटण मी दाबलंच नाही.

आवाज मागून आला. एक ट्रक त्या पांढऱ्यातून भरवेगात बाहेर आला, समोर थांबलेल्या दोन कार त्याला दिसल्या, आणि त्याने ट्रक डावीकडे, जाणाऱ्या-येणाऱ्या रस्त्यांमधल्या खड्ड्यात घातला. कारना धक्काही लागला नाही. ट्रक कुशीवर पडला.

मी धावत गेलो. समोरची काच निघून पडली होती आणि पट्ट्यात अडकलेला एक पासष्टीचा, पांढऱ्या दाढीचा माणूस कण्हत होता. त्याने पहिला प्रश्न विचारला तो त्या कारमधल्या लोकांबद्दल. "सगळे ठीक आहेत," मी सांगितलं. माझं जाकीट त्याच्यावर घातलं, त्याचा हात धरला आणि अँब्युलन्स येईपर्यंत बोलत राहिलो. मुलं किती, गाव कुठलं, झोपू नका, माझ्याकडे बघा. अर्धा तास मी न अडखळता बोललो. कोणी हसलं नाही, आणि कोणी हसेल हे माझ्या मनातही आलं नाही. त्याच्या डोक्याजवळ त्याचा सीबी लटकत होता. त्याचा दिवा चालू होता आणि आकडा एकोणीस होता.

घरी मी अपघात सांगितला, माइक सांगितला नाही. मुलीने मला मिठी मारली. शनिवारी एका घरी जेवायला गेलो तिथे बायको पहिल्यांदाच सगळ्यांसमोर म्हणाली, "आमचे हे ट्रक ड्राइव्ह करतात. परवा एका माणसापाशी बर्फात बसून राहिले." तिचा चेहरा फुलला होता. एक काकू माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "देवासारखा धावलास हो." मी खाली मान घालून जेवलो आणि सगळ्यांना तो विनय वाटला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

ऑगस्टमध्ये एका ट्रक स्टॉपवर कॉफीच्या रांगेत कोणीतरी माझा दंड धरला. तोच होता. एक खांदा खाली झुकलेला, पण पुन्हा कामावर रुजू झालेला, आणि बायकोला बरोबर घेऊन निघालेला. "हाच तो," तो तिला म्हणाला. तिने मला जवळ घेतलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मग त्याने विचारलं, "त्या दिवशी तुझा रेडिओ चालू होता?"

"होता."

"काही आलं होतं त्यावर? मी सारखं आठवून बघतोय. माझा तर चालू होता."

सांगायला चार शब्द पुरले असते. त्याची बायको माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही."

"बघ," तो बायकोला म्हणाला, "माझे कान शाबूत आहेत." मग मला सांगायला लागला, "चाळीस वर्षं मी तो लावून फिरलो. आता काढून टाकला. हल्ली कोणी कोणाला सांगत नाही. नुसती खरखर ऐकायची, ती कशाला?"

"खरं आहे," मी म्हणालो. त्याने माझ्या कॉफीचे पैसे दिले, मी नको म्हणत असताना. पार्किंगमध्ये जाईपर्यंत दोघं हात हलवत होते. त्याचा नंबर मी मागितला नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यापासून मी रेडिओवर बोलतो. पहिल्यांदा बोललो तेव्हा कोणीतरी माझी नक्कल केलीच. मी वाक्य पुन्हा म्हटलं, मैलाचा आकडा पुन्हा सांगितला. आता पुढचं ऐकलं की मी लगेच मागे कळवतो, वाक्य न जुळवता, जसं तोंडाला येईल तसं. कधी कोणी हसतं, बहुतेक वेळा कोणीतरी थँक यू म्हणतं. पण लेककडून पांढरं यायला लागलं की मला तो आठवतो. तो याच रस्त्याने जातो, अजूनही चालवत असेल. मी कितीही ओरडलो तरी त्याच्या ट्रकमध्ये ते ऐकायला काही नाही, आणि रेडिओ काढून टाकलास ते बरोबर केलंस असं त्याला मीच सांगितलं आहे.