राखाडी रेघ

प्रिय ईरा, प्रिय कबीर,

रविवारी व्हिडिओ कॉलवर कबीर म्हणाला, "आजी, डिसेंबरमध्ये आलो की तो जुना टॅब रीसेट करून देतो, एकदम नव्यासारखा होईल." मी "त्याला हात लावायचा नाही" म्हणाले आणि फोन ठेवून दिला. माझ्या अशा वागण्याची तुम्हाला सवय नाही, म्हणून कारण लिहून ठेवते. व्हॉट्सॲपवर एवढं लांब कुणी वाचत नाही, आणि तुमची आई वाचायला लागली की आधी माझं बीपी विचारेल. त्यापेक्षा हे सदर बरं. इथले वाचक निदान शेवटपर्यंत ऐकून घेतात.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. शहाद्याच्या शाळेत मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. तुमच्या आईची मी कधी दृष्ट काढली नाही. अंगाऱ्याची पुडी कुणी आणून दिली तर ती तशीच ड्रॉवरमध्ये राहायची. आजही मी जे घडलं तेवढंच लिहिणार आहे.

आजोबांना झटका आला तेव्हा तुम्ही तिकडे होतात. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, शब्द मात्र येत नव्हते. लग्न झाल्यापासून त्यांची एक पद्धत होती — फाटकातूनच "शालिनी" अशी हाक मारून मग चप्पल काढायची. आमच्या पिढीत बायकोला असं नावानं कुणी हाक मारत नसे, सासूबाई कपाळाला आठ्या घालायच्या. आता ते माझ्याकडे बघून नुसतं "अ... अ..." करायचे आणि मग मान फिरवायचे. मला दुसरं काही नको होतं. ती एक हाक परत हवी होती.

नंदुरबारला आठवड्यातून एक दिवस मेघा मॅडम नावाच्या थेरपिस्ट यायच्या. रिक्षातून, वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारींवरून जाताना आम्ही दोघंही खोकत खोकत पोचायचो. त्यांनी सांगितलं, "आजी, बोलण्याची वाट बंद झालीय, पण गाण्याची बऱ्याचदा उघडी असते. शब्द गाऊन घ्या." आणि टॅबवर एक ॲप टाकून दिलं.

पद्धत अशी. मी त्यांचा डावा हात टेबलावर ठेका धरल्यासारखा आपटायचा आणि दोन सुरांत छोटं वाक्य गायचं — "पा-णी ह-वं". मग चार ठोके थांबायचं. त्या जागेत त्यांनी तेच गायचं. माझा आवाज पडद्यावर हिरव्या रेघेनं उमटायचा, त्यांचा केशरी. सूर चढला की रेघ चढायची, उतरला की उतरायची. रोज सकाळी अकरा वाजता बैठक आणि नंतर वहीत नोंद. तुम्ही मला ओळखता, लाल पेनानं समास आखून.

पहिले बावीस दिवस केशरी रेघ आलीच नाही. तेविसाव्या दिवशी मी "चहा हवा" गाऊन थांबले, आणि त्या चार ठोक्यांच्या रिकाम्या जागेत एक राखाडी रेघ उमटली. खाली सुरू झाली, वर उडी, मग लांब, सावकाश उतार... आजोबांचं तोंड मिटलेलं होतं.

मला वाटलं, पंखा. पंखा बंद केला. मग वाटलं, उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात त्याचा आवाज असेल. खिडक्या लावल्या. टॅब देवघरात नेला, फोन बंद केला, शेजारच्या पाटीलबाईंना मिक्सर लावू नका म्हणून सांगून आले. रेघ येतच राहिली, तीच, त्याच आकाराची. रेकॉर्डिंग लावलं तर त्या जागी काहीच ऐकू येत नव्हतं. स्क्रीनशॉट काढला तर त्यात फक्त हिरवी रेघ. म्हणून मी ती रोज वहीत पेन्सिलीनं काढायला लागले.

मेघा मॅडमनी स्वतःच्या डोळ्यांनी ती बघितली. सगळी सेटिंग्ज उघडून पाहिली.

"आजी, यात राखाडी रंगच नाहीये," त्या म्हणाल्या. "दोनच आवाज धरता येतात याला."

"मग हे काय?"

"माहीत नाही. पण आजोबा बघा ना."

आजोबा पडद्याकडे बघत होते. कान लावून कुणाचं तरी ऐकावं तसे. आणि पहिल्यांदाच केशरी रेघ आली. ते म्हणाले, "मुरमुरा?"

प्रश्नच होता तो. मी हा शब्द शिकवला नव्हता. माझ्या यादीत पाणी, चहा, दुखतंय आणि माझं नाव, एवढंच होतं. पुढच्या पंधरा दिवसांत आणखी शब्द आले. फुटाना? खोबरं? खारिक? प्रत्येक शब्द राखाडी रेघेनंतर, प्रत्येक शब्द विचारल्यासारखा आणि त्यांच्या लहानपणच्या अहिराणीत. अकरा शब्द झाले. मेघा मॅडम खूश होत्या. मीही खूश होते, असं वहीत लिहिलं आहे. खरं म्हणजे जगातला सगळा खाऊ त्यांना आठवत होता आणि मी आठवत नव्हते, याचं मला वाईट वाटत होतं.

मग रनाळ्याहून इंदूताई आल्या. या आजोबांच्या चुलत बहीण, त्यांच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या. पलंगावर बसून त्यांनी आमची बैठक बघितली.

"काय वं मास्तरीनबाई, नवराले बी शाळामा बसाडं का?" म्हणून हसल्या.

तेवढ्यात रेघ आली आणि आजोबा म्हणाले, "शेंगदाना?"

इंदूताईंचं हसू थांबलं. "हाऊ तं गुलाबाईना खाऊ वळखी ऱ्हायना," त्या म्हणाल्या. म्हणजे, हा तर गुलाबाईचा खाऊ ओळखतोय.

तुम्हाला गुलाबाई माहीत नसेल. खानदेशात भादव्याच्या पुनवेपासून महिनाभर मुली गुलाबाईची मूर्ती बसवतात, रोज संध्याकाळी गाणी म्हणतात. शेवटी खाऊचा बंद डबा हलवायचा आणि आत काय आहे ते सगळ्यांनी ओळखायचं. ओळखलं की डबा उघडायचा, खाऊ वाटायचा, खेळ संपला. आजोबांना एक मोठी बहीण होती, कुसुम. लहानपणीच गेली, एवढंच मला ठाऊक होतं. घरात तिचा विषय निघत नसे.

"त्याना कान लई तेज," इंदूताई सांगायला लागल्या. "डबा एकदाव हालावा का सांगी टाके. आम्हीन त्याले कटाळी गयूत. मंग कुसुम बोलनी, आज याले हरावानं. गूळना खडा कापूसमा गुंडाळा आन् डबामा दाबी भरा. हालाय हालाय करे, पन आवाजच नही. रडकुंडीले उना तो. कुसुम हसे आन् गाये..."

आणि त्या गायल्या, "वळख रे..." खालून सुरू, वर उडी, मग लांब उतार.

मी वही उघडली. पेन्सिलीची रेघ आणि ती चाल... मला वेगळं काही सांगायला नको.

"मग? ओळखलं का त्यांनी?"

"नही ना. दुसरा दिन कुसुमले ताप उना. चार दिनमा गयी. काकूनी, याना मायनी, तो डबा तसाच गुलाबाईसंगे पानीमा सोडी दिना. कोनी उघाडा नही. हाऊ ईचारे, डबामा काय व्हतं? कोन सांगी? कोनी कुसुमनं नाव काढं का काकू रडे."

म्हणजे न वाजणारा डबा. म्हणूनच रेकॉर्डिंगमध्ये काही नव्हतं, असं माझ्या मनात आलं. असा विचार मी केला, याचीच मला भीती वाटली.

उत्तर मला कळलं होतं, आणि मी ते आठ दिवस सांगितलं नाही. हे मला तुमच्यापासून लपवायचं नाही. मी हिशेबी बाई आहे. ओळखलं की खेळ संपणार, खेळ संपला की रेघ जाणार, आणि रेघेबरोबर शब्दही गेले तर? अकरा झाले होते. बारावा माझं नाव असेल, अशी आशा होती.

पण आजोबा खंगत चालले. दिवसभर तेच. भिंतीकडे बघून "खोबरं?", जेवताना ताट सारून "फुटाना?". नवव्या दिवशी मी स्वयंपाकघरातून आले तर ते डाव्या हातानं गोळ्यांचा डबा कानाशी हलवत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सत्तरी ओलांडलेला माणूस.

मी पाटीलबाईंकडून त्यांच्या शेतातला मूठभर कापूस आणला. स्टीलच्या छोट्या डब्यात गुळाचा खडा कापसात गुंडाळून घट्ट भरला. अकरा वाजता टॅब लावला. काही गायले नाही. थांबायची जागा आली तेव्हा डबा त्यांच्यासमोर हलवला. आवाज आला नाही. रेघ आली.

त्यांनी डबा घेतला. कानाशी धरला. हलवला, थांबला त्यांचा हात, पुन्हा हलवला. ते माझ्याकडे बघत नव्हते. टेबलाच्या तिसऱ्या बाजूला, जिथं खुर्ची नाही, तिकडे बघत होते.

"गूळ," ते म्हणाले. या वेळी प्रश्न नव्हता.

राखाडी रेघ एकदम वर गेली, कुणी हसत सुटावं तशी थरथरली, आणि पडद्याच्या कडेवरून बाहेर गेली. आजोबा हसले. मी डबा उघडून दिला. अर्धा खडा त्यांनी खाल्ला आणि अर्धा त्या रिकाम्या बाजूला टेबलावर ठेवला. मी तो उचलला नाही. दुपारी तो तिथं नव्हता. मुंग्या असतील. आमच्या घरात मुंग्या आहेतच. डब्यातल्या गुळाचा वास आजोबांना आला असेल, हेही मी धरून चालते. पण बाकी जे घडलं त्याचं काय करू, ते मला माहीत नाही.

त्यानंतर रेघ कधीच आली नाही. आठवडाभरात एकेक करून सगळे शब्दही गेले. मुरमुरा, खारिक, शेवटी गूळसुद्धा. मेघा मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला सांगितलं. त्या रात्री मी वही मिटली ती परत उघडायची नाही असं ठरवून. मला वाटलं, हे मी माझ्या हातानं केलं.

पुढच्या गुरुवारी सकाळी मी ओट्याशी चहा गाळत होते. आतून हाक आली. "शा-लि-नी."

खालून सुरू, वर उडी, मग लांब, सावकाश उतार. अशा चालीत त्यांनी मला पूर्वी कधी हाक मारली नव्हती.

मेघा मॅडम म्हणतात, मेंदू स्वतःची वाट काढतो. असेल. कंपनीला मी ईमेल केला, त्यांचं उत्तर आलं की ॲपमध्ये तिसरा आवाज धरण्याची सोय नाही. आता टॅब चालू होतो, ॲप उघडत नाही. रेघ आली त्या शेवटच्या दिवसाची बैठक आत आहे. म्हणून कबीर, रीसेट करायचं नाही.

टॅब कपाटात आहे. वही आहे, तिच्यात पेन्सिलीनं काढलेल्या रेघा आहेत. डबा मी घासून परत वापरात घेतलेला नाही. आणि आजोबांकडे एक शब्द उरला आहे. तो रोज सकाळी चहाच्या वेळी, त्याच चालीत येतो, आणि मी ओ देते.