अशुभ वगळून काढलेला विमा

लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी नवऱ्याशी मी जे काही बोलले असेन ते स्वयंपाकघर आणि विहीर यांच्यामधल्या चार हात जागेत. महाल भागातल्या आमच्या घरात माणसं अकरा आणि खोल्या तीन. पुरुषांची अंथरुणं ओसरीवर, बायकांची माजघरात. माझे सासरे, म्हणजे मामंजी, मागच्या पडवीवर माडी चढवणार आणि ती आम्हा दोघांना देणार, असं लग्नाच्या बोलणीतच ठरलं होतं. 'पुढेमागे बघू' म्हणत ते दोन वर्षं बघत राहिले. शेवटी मीच हातातल्या पाटल्या काढून दिल्या, तेव्हा लकडगंजातून सागाचे वासे आले आणि गवंड्यानं पडवीचे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, उतरवले. त्या खोलीसाठी मी काय वाटेल ते केलं असतं. दुसऱ्यांदा काढून द्यायला हातात काही उरलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आता विम्याचं. मामंजी सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. विम्याचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते दूरदृष्टीनं वगैरे नव्हे. त्यांच्या हाताखाली कारकुनी केलेल्या एका गृहस्थानं रामदासपेठेत बंगला बांधला, आणि बंगल्याच्या विम्याचा कागद काचेच्या चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगला. तिथलं वास्तुशांतीचं जेवण जेवून मामंजी परत आले ते जळफळतच. "त्याले साधा मसुदा लिहिता येत नव्हता, मी शिकवला," असं सासूबाईंना तीनदा ऐकवून झाल्यावर ते म्हणाले, "आपण तर बांधकाम चालू असतानाच विमा उतरवू." खरं सांगते, मला आनंद झाला. मागची बाजू उघडी, चैत्राचं ऊन, कधी वारा सुटेल त्याचा नेम नाही. कारण मत्सराचं का असेना, माझ्या खोलीचं भलं होत होतं.

पण घोडं पेंड खात होतं ते भलत्याच ठिकाणी. घरात बोललेल्या प्रत्येक शब्दाला वास्तू तथास्तु म्हणते, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. बाकीचे लोक हे जरा सैल हातानं पाळतात. मामंजी कचेरीच्या शिस्तीनं पाळायचे. धाकट्या दिराला खोकून खोकून धाप लागली तरी आमच्या घरात 'दमा' म्हणायची सोय नव्हती. आणि विमा म्हणजे काय हो? घरावर जे जे संकट येऊ शकतं त्याची छापील यादी!

विमा एजंट होते एक शाळामास्तर. फावल्या वेळात हा उद्योग करायचे. सायकलवरून आले, बैठकीत बसले, कागद उघडला आणि म्हणाले, "समजा, घराला आग लागली—"

"अहो मास्तर!" मामंजी असे ओरडले की माझ्या हातातलं पाण्याचं तांब्याभांडं खाली पडलं. "जीभ आवरा! घरात बसून काय बोलून राहिले तुम्ही?"

मग दोघं समोरच्या ओट्यावर जाऊन बसले. तिथली शेजारीण सारं ऐकून होती. ती पदर खोचून बाहेर आली. "आमच्या ओट्यावर काहून बोलून राहिले गा? आमची वास्तू का बहिरी आहे?" तिचं काय चुकलं? शेवटी मामंजी आणि मास्तर गल्लीच्या मधोमध, एका छत्रीखाली, भर दुपारी उभे राहिले. गल्लीला वास्तू नसते, असा मामंजींनी निर्णय दिला. पुढचं सगळं संभाषण मला त्या शेजारणीनं नंतर सांगितलं, आणि ती एक शब्द गाळणारी बाई नव्हती.

मास्तर हळूच वाचत होते. मामंजींच्या हातात कचेरीतली तांबडी पेन्सिल.

"आग?"

"शिव शिव. खोडतो."

"वीज पडणं?"

"खोडतो."

"वादळ? भूकंप? भिंत किंवा छप्पर कोसळणं?"

मामंजींनी एका हातानं कान झाकला आणि दुसऱ्या हातानं तिन्हींवर रेघ ओढली. मास्तर म्हणाले, "रावसाहेब, मग विमा कशाचा?"

"घराचा! हा कागद घरातच ठेवायचा ना? मग त्याच्यावर हे असले शब्द नकोत मले. पुढं वाचा."

"वाहनाची किंवा घोड्याची धडक."

"वाहन खोडतो. घोडा राहू द्या. घोडा शुभ आहे, नवरदेव घोड्यावर बसतो." आमच्या गल्लीत टांगासुद्धा शिरत नसे, आणि आमचा नवरदेवही कोपऱ्यावर उतरून पायी चालत आला होता, ही गोष्ट वेगळी.

"विमान पडणं."

इथं मामंजींनी थोडा विचार केला म्हणे. मग म्हणाले, "विमान राहू द्या. संतांना न्यायले विमानच येते."

मास्तरांनी कागदाची घडी घालून ती खिशात ठेवली. कमिशन तेवढंच मिळणार होतं, आणि ऊन मी म्हणत होतं.

महिन्याभरानं कंपनीचा शिक्क्याचा कागद आला. मामंजींनी तो देवापुढे ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि गल्लीत पेढे वाटले. वाचला मात्र कोणी नाही. मी मॅट्रिक झालेली. सकाळी देव्हारा पुसताना तो कागद हातात आला आणि मी उभ्या उभ्या वाचून काढला. आमच्या माडीवर आकाशातून विमान पडलं किंवा घोडा जिना चढून वर आला, तरच कंपनी भरपाई देणार होती! त्या काळी विमान एखाद्या महिन्यात एकदा दिसायचं आणि सगळी गल्ली कामधाम टाकून अंगणात धावायची.

मी ह्यांना विहिरीपाशी गाठलं. "अहो, वाचलात का तो कागद?"

"हो. म्हणजे, पाहिला."

"मग मामंजींना सांगा ना. अजून दुरुस्त करून घेता येईल."

"आबांना कोण सांगणार?"

"तुम्ही."

ह्यांनी बादली उचलली आणि कचेरीला उशीर होतो म्हणून निघून गेले. तेव्हा सकाळचे सात वाजले होते. असा माझा नवरा.

वैशाखात भिंत छातीच्या वर आली. गवंडी म्हातारा आणि कामाचा पक्का होता. तो अंगणात उभा राहून मामंजींना म्हणाला, "मालक, वासे लवकर चढवा. भित ओली हाय, डोक्यावर काही नाही. वाऱ्याचं एक वावधन आलं तं उभी राहत नाही."

झालं! मामंजी लालेलाल. त्याला अंगणात बोलू नये ते बोलल्याबद्दल आठ दिवस कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. बिचारा घमेलं आणि ओळंबा घेऊन निघाला. जाता जाता माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाई, तुम्ही तरी सांगा वं त्याईले." आणि भिंत राहिली तशीच, उघडी.

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी पंगतीत वरण वाढता वाढता मी बोलले. वरणाची वाटी मामंजींच्या पानाशी ठेवली आणि म्हटलं, "मामंजी, भिंत पडली तर कंपनी एक छदाम देणार नाही. आग लागली तर नाही, वादळ आलं तर नाही. सगळं तुम्हीच खोडलंय. मास्तरांना बोलवा आणि लिहून घ्या, आणि गवंड्याला आजच परत आणा." सगळ्यांचे घास हातातच राहिले. मामंजी अर्ध्या जेवणावरून उठले. सासूबाईंनी घरभर गोमूत्र शिंपडलं. माडीच्या ओल्या भिंतीवर जरा जास्तच शिंपडलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला वारा सुटला. धुळीनं अंगण दिसेना. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. पडवीवरची भिंत आतल्या बाजूला आडवी झाली होती, खाली रचलेल्या कवेलूंचा चुरा झाला होता आणि सागाचे वासे मधोमध मोडले होते. मी त्या ढिगापाशी बसून हंबरडा फोडला. कोणाला लागलं नाही. गवंड्याला घरी बसवलं होतं म्हणून तो वाचला, एवढं पुण्य मामंजींच्या नावावर लिहायला हरकत नाही.

मास्तरांनी कंपनीला लिहिलं, कंपनीनं मास्तरांना लिहिलं. उत्तर घेऊन मास्तर आले ते आपण होऊनच गल्लीत उभे राहिले. "नाही म्हणतात," ते म्हणाले. आणि मग अगदी मनापासून, "रावसाहेब, विमान पडलं असतं ना, तर कंपनीनं एका शब्दानं हुज्जत घातली नसती."

मला वाटलं, आता तरी म्हातारा ओशाळेल. छे! त्याच संध्याकाळी मामंजींनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. मला दाराशी उभं केलं. कचेरीत एखाद्या शिपायाची चौकशी करावी तसं ते बोलत होते. "कंपनीचा दोष नाही. मास्तरचा नाही. भर पंगतीत हिनं ते शब्द उच्चारले, वास्तूनं ऐकले, तथास्तु म्हटलं. तिसऱ्या दिवशी फळ दिसलं." मोठ्या दिरांनी मान हलवली. मोठ्या जाऊबाईंनी हलवली. हे पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. पाटल्या माझ्या गेल्या, खोली माझी गेली, आणि वर गुन्हेगार मीच! अंगाची लाही लाही झाली माझ्या. आजही सांगताना होते.

"मामंजी," मी म्हटलं, "वास्तू माझं ऐकते म्हणता ना? मग दोन वर्षं मी रोज दिवेलागणीला देवापुढे उभी राहून मोठ्यानं म्हणते आहे, आम्हाला एक खोली मिळू दे. ते एकदाही नाही ऐकलं तिनं? भिंतीचं तेवढं एका दमात ऐकलं?"

"काहीही बोलते!" मामंजी ओरडले. "कोणी ऐकलंय तुझं हे म्हणणं?"

मग माजघराच्या दाराआडून सासूबाई बाहेर आल्या. मामंजींच्या समोर त्या कधी उभ्या राहत नसत, त्या दिवशी राहिल्या.

"मी ऐकलं नं," त्या म्हणाल्या. "रोज माझ्याच बाजूले उभी राहून म्हणते ते. आन् तिच्याआधी तेच मी म्हणत होती, तीस वर्षं. मले कुठं भेटली खोली?"