काकूंची रविवारची जिलेबी

बरखेड्यात आमच्या समोरच्या क्वार्टरमधल्या काकू इन्शुलिनवर आहेत. दंडावर सेन्सर चिकटवलेला. शुगरचा आकडा त्यांच्या मोबाइलवर आणि तिथून पुण्यातल्या मुलाच्या मोबाइलवर जातो. एरवी त्याला फुरसत नसते, पण आकडा चढला की लगेच फोन करायचा. म्हणून काकू रविवारी पोह्यांबरोबर मुद्दाम जिलेबी खायच्या आणि मोबाइल मांडीवर घेऊन बसायच्या. "आई, काय खाल्लंस?" तो खेकसायचा, आणि यांचा चेहरा खुलायचा. मला हसू यायचं.

परवा मोबाइल नुसता टिंग वाजला. मुलानं आता आकडा चढला की आपोआप येणारा तयार मेसेज लावून ठेवलाय: 'शुगर जास्त आहे. इन्शुलिन घ्या.'

काकूंनी निमूटपणे इंजेक्शन घेतलं. मग मला म्हणाल्या, "तुम्ही तरी विचारा ना, काय खाल्लं म्हणून."