रिकामी चिप

धाकट्या जावेचा मला किती हेवा वाटायचा, हे सांगायला लागले की नाती कान टवकारतात. त्यांना ठाऊक आहे, या गोष्टीत आजीची फजिती होते.

तेव्हा कापसाने सगळ्यांची कंबर मोडली होती. पांढरकवड्यातल्या आमच्या दुकानात टीव्हीसुद्धा कोणी दुरुस्तीला आणत नव्हतं. खपायचा तो फक्त ऑटो, म्हणजे लाईन आली की विहिरीवरची मोटार आपोआप सुरू करणारा डबा. डब्यात एक चिप, चिपमध्ये प्रोग्राम, आणि तो प्रोग्राम माझ्या हातचा. मी आयटीआयवाली! हे मी इतक्यांदा ऐकवायचे की समोरचा चहावाला मला ‘प्रोग्रामवाली’च म्हणायचा.

मग माझा नवरा आणि धाकटा दीर वेगळे झाले. जाऊ डिप्लोमावाली. तिने रस्त्यापलीकडे दुकान टाकलं आणि तिचाही ऑटो आला. लाईन झटके देत आली की माझा ऑटो मोटारीला चालू-बंद, चालू-बंद नाचवायचा. तिचा मात्र लाईन नीट होईस्तोवर थांबायचा. गिऱ्हाइकं माझ्या दारावरून तिच्याकडे जायची आणि वर मलाच रामराम घालायची.

माझी खात्री झाली, हिने माझाच प्रोग्राम चोरून वर फोडणी घातली आहे.

एकदा तिचा ऑटो वायर तुटली म्हणून कोणीतरी माझ्याकडे आणला. वायर राहिली बाजूला. मी चिप उपटली आणि वाचायच्या यंत्रात बसवली. संगणकावर नुसतं एफएफ, एफएफ. खालपर्यंत तेच. कोरी चिप अशीच दिसते. मी अशी उठले की स्टूल आडवं झालं. चिप मुठीत धरून थेट तिच्या दुकानात. तिथे गर्दी होती, हे तर फारच छान.

“काय वं, हे तं रिकामी हाय! लोकायले फसवून राह्यली का?”

“रिकामी असती तं मोटार काय तुमच्या धाकानं सुरू होते, बाई?”

गिऱ्हाइकं हसली. ती शांतपणे म्हणाली, “प्रोग्राम भरल्यावर त्याले कुलूप लावता येते. मंग बाहेरून वाचलं तं कोरंच दिसते. तुम्ही नाही लावत?”

असं कुलूप असतं, हेच मला माहीत नव्हतं. पण हरायचं कसं?

“कायले लावलं? चोरीचा माल झाकाले?”

“चोरीचा? तुमची चिप तं उघडीच हाय. मी कवाच वाचलती.”

“पाहा! कबूल झाली!” मी गर्दीकडे वळले.

“वाचलती ना. मंग मी माहा नवा लिहिला.” तिने माझ्यापुढे चहा सरकवला. “घेण्यासारखं काही दिसलं नाही, बाई.”

चोरला असता तर किती बरं झालं असतं! निदान चोरण्याजोगा तरी ठरला असता.

चहा तसाच टाकून मी घरी आले, पुस्तकात कुलपाचं पान शोधलं आणि दुकानातल्या एकूण एक चिपला कुलूप ठोकलं. आत प्रोग्राम तोच, मोटार नाचवणारा.

अजूनही दिवाळीला ती माझा चिवडा खाते आणि म्हणते, “बाई, याले कुलूप नका लावू. हा घेण्यासारखा हाय.”

तिच्या करंज्या माझ्याहून खुसखुशीत होतात. काहून, ते विचारलं की नुसती हसते.