आम्हाला घाई नाही

गाड्यांच्या सीटा शिवायच्या त्या दुकानाचं शटर दिवसाउजेडी अर्धं खाली ओढलेलं दिसलं की आसपासच्यांनी समजायचं, आत फुटबॉल संघाच्या पाठीराख्यांच्या क्लबची बैठक भरलीय. मोटारींची कव्हरं, टेम्पोच्या ताडपत्र्या, शाळेच्या बसची पोरांनी कोरून कोरून फाडलेली बाकं, असलं सगळं तिथं यायचं. दुकान दादांचं. दादा उन्हाळ्याच्या तोंडावर गेले, तरी लोक अजून 'दादांकडे टाकलीय सीट' असंच म्हणत. वहिनीही तसंच म्हणत. सवय एकदम कशी सुटणार?

वहिनी म्हणजे दादांची बायको. खरं तर त्या एकाच माणसाच्या वहिनी, दुकानात हाताखाली असलेल्या धाकट्या दिराच्या. पण दादा सगळ्या कंपूचे दादा होते, म्हणून ह्या सगळ्यांच्याच वहिनी झाल्या. चित्रकलेचे निवृत्त मास्तर वयानं त्यांच्या वडिलांसारखे, तेही वहिनीच म्हणत.

लग्न होऊन आल्यावर वहिनी रेक्झिन कापायला शिकल्या, फोम भरायला शिकल्या, मग मशीनवरही बसू लागल्या. फुटबॉल मात्र त्यांना कधी कळला नाही. ऑफसाइड म्हणजे काय, हे दादांनी चहाचे कप मांडून कितीदा समजावलं असेल. दरवेळी वहिनींच्या लक्षात एवढंच यायचं की हे कप अजून धुवायचे राहिलेत.

दादा गेले तेव्हा वहिनी रडल्या नाहीत. नातेवाईक म्हणाले, रडून मोकळी हो. त्यांनी मान हलवली, जशी गिऱ्हाइकानं 'परवापर्यंत द्या' म्हटल्यावर हलवायच्या. तेराव्या दिवसानंतर दुकान उघडलं. जेवण बेचव लागायचं असंही नाही. चव कळायची, पण ती दुसऱ्याच कुणाच्या तोंडात असल्यासारखी. सकाळी देवापुढे हात जोडायच्या, आणि काय मागायचं ते सुचायचं नाही, म्हणून नुसत्याच उभ्या राहायच्या. देवाला चालत असावं, असं त्यांनी धरून टाकलं होतं.

घरी सासूबाई. पूर्वी दोघी भाजी निवडायला बसल्या की शेजारणीपासून देशापर्यंत सगळ्यांची खरडपट्टी निघायची. आता दोघी समोरासमोर बसत, भाजी निवडून झाली की उठत. भांडण नव्हतं. बोलायला तोंड उघडलं तर दादांचंच नाव येणार, हे दोघींनाही ठाऊक होतं, इतकंच.

कंपूचं एक कापड होतं. गडद निळा कॅनव्हास, दुकानाच्या फरशीवर पसरला की भिंतीपासून भिंतीपर्यंत यायचा. सामन्याच्या दिवशी मैदानात उत्तरेच्या कठड्यावर तेच एक लटकायचं. दरवेळी नवं कापड आणायचं नाही. जुनी अक्षरं उसवायची आणि त्याच कापडावर नवी चढवायची, ही रीत. आणि काय लिहायचं ते ठरवायचं, तेही कापडावर बसून. सगळ्यांनी कापडाच्या कडेकडेनं बसायचं, तोंडाला येईल ते बोलायचं, आणि नवं वाक्य ज्याला पटलं त्यानं उठून कापडावरून बाजूला व्हायचं. एक जरी माणूस बसून राहिला तरी एकही अक्षर काढायचं नाही. जुनंच वाक्य चालू.

आत्ता कापडावर पिवळ्या रेक्झिनची अक्षरं होती, 'आम्हाला घाई नाही'. मॅनेजर नवीन आला, संघ धडाधड हरायला लागला, तेव्हा दादांनी हे वाक्य काढलं होतं. मॅनेजर सतत टोपी घालायचा, म्हणून त्याला टोपीवाला म्हणत. त्याला वेळ द्या, असं दादांचं म्हणणं. त्याला काढा असं लिहायला दोनदा बैठक भरली, आणि दोन्ही वेळा सगळे उठले तरी दादा आपल्या कोपऱ्यात मांडी घालून बसून राहिले होते.

अक्षरं चढवायचं आणि उसवायचं काम दादांचंच. चढवायला एक संध्याकाळ, उसवायला मात्र तीन-तीन. घरी येऊन वहिनींपुढे हात पसरायचे. "बोटं म्हणजे नुसती लाकडं झालीत बघ." मग वहिनी एकेका बोटाला मलम चोळत बसायच्या, आणि ह्या क्लबच्या नावानं बोटं मोडायच्या.

दादा गेल्यावरची ही पहिली बैठक. कापड पसरलं, जो तो आपापल्या जागी बसला, आणि दादांचा कोपरा रिकामा राहिला. सगळ्यांची नजर तिकडेच जाई. शेवटी मास्तर म्हणाले, "वहिनी, ते कापायचं राहू दे जरा. तुम्ही बसा तिथं. ती जागा अशी बघवत नाही."

वहिनींनी कात्री ठेवली आणि जाऊन बसल्या. गुडघ्याशी 'घाई'चा 'घ' आला.

"पहिली गोष्ट सांगतो," कंपूतला टॅक्सीवाला म्हणाला, "माझा त्या टोपीवाल्यावर राग नाही. उद्या माझ्या गाडीत बसला तर मी त्याला त्याच्या गावापर्यंत सोडीन. परत आणणार नाही, एवढंच."

"मॅनेजर बदलून गोल होत असते तर काय हवं होतं?" मास्तर म्हणाले. "पोरांचे पायच चालत नाहीत."

"पाय चालत नाहीत, कारण डोकं टोपीखाली झाकलंय."

"ती टोपी नशिबाची आहे म्हणे."

"आहे की. समोरच्या संघाच्या नशिबाची."

सरकारी दवाखान्यात नर्स असलेली ताई पुढे सरकली. ती म्हणाली, "डावखुऱ्या पोराला तो उजवीकडे खेळवतोय. डावा हात मोडलेल्या पेशंटच्या मी उजव्या हाताला प्लास्टर घातलं, तर मला कामावर ठेवतील का हो मास्तर?"

"पेशंटनं तक्रार केली तर नाही ठेवणार."

"मग आपण पेशंटच आहोत. करा तक्रार."

टॅक्सीवाल्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. "मी लिहून आणलंय. 'आता पुरे.' चार अक्षरांत काम."

"आणखी स्वस्तात होईल," दीर म्हणाला. "'नाही' तेवढं काढा. 'आम्हाला घाई' राहील."

सगळे हसले. मास्तरांनी बोट वर केलं. "ते नको. एका वाक्याची अक्षरं दुसऱ्यात ठेवायची नाहीत. काढायची तर सगळी काढायची."

वहिनी ऐकत होत्या. त्यांची नजर त्या 'घ'वर होती. दादांनी आयुष्यभर शिवलं, पण शिवलेलं सगळं गिऱ्हाइकांबरोबर निघून गेलेलं. कुठल्या कुठल्या गाड्यांत, लोकांच्या अंगाखाली. घरात त्यांच्या हातचा एक टाका नव्हता. हे पिवळं वाक्य तेवढं उरलं होतं.

नर्सताई उठली. टॅक्सीवाला उठला. दीर उठला, पण वहिनींकडे न बघता. मास्तर बराच वेळ बसून राहिले. मग जमिनीला हात टेकून उठले. "टोपीवाल्याला माझा पाठिंबा अजून आहे," ते म्हणाले, "पण गुडघ्यांचा मला नाही."

वहिनी बसूनच होत्या. उठायचं नाही असं त्यांनी ठरवलं नव्हतं. उठायला लागतं ते काहीतरी आतून हललंच नाही.

"पायाला मुंग्या आल्या असतील तर हात देऊ का?" टॅक्सीवाल्यानं विचारलं.

"नको."

"मग वहिनींचा विरोध धरायचा?"

"धरा," वहिनी म्हणाल्या.

रीत ती रीत. कापडाची गुंडाळी झाली, आणि पुढच्या सामन्याला तेच वाक्य कठड्यावर लागलं. संघ पुन्हा हरला, तोही घरच्या मैदानावर. दुसऱ्या दिवशी टॅक्सीवाला आपली सीट न्यायला आला. एरवी हा माणूस हरल्यावर तासभर तोंडाचा पट्टा चालवायचा. त्यानं शिवण बघितली, "छान झालीय" म्हणाला, आणि गेला.

"एवढं वाईट झालं का?" वहिनींनी दिराला विचारलं.

तो मशीनमध्ये तेल सोडत होता. "हरायची आता सवय झालीय, वहिनी. पण लोक कापडाकडे बोट दाखवून हसत होते. पलीकडच्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. आपला गोल चुकला की सगळे मिळून म्हणायचे, आम्हाला घाई नाही."

"ह्यांच्या अक्षरांना हसत होते?"

"त्यांना काय माहीत कुणाची अक्षरं. आम्हाला हसत होते."

वहिनींनी समोरचा रेक्झिनचा तुकडा कापून संपवला. मग म्हणाल्या, "मी उठले असं सगळ्यांना सांगा, भाऊजी. मास्तरांना म्हणावं, कागदावर अक्षरं काढून द्या. पण उसवायचं काम मी करणार. एकटी. मला तीन संध्याकाळी लागतील. तोवर कुणी यायचं नाही."

सुटीच्या दिवशी दुपारीच त्यांनी दुकान उघडलं. डबा आणला होता, पाण्याची बाटली आणली होती, नवं ब्लेड आणलं होतं. सासूबाईंना सांगून आल्या होत्या की उशीर होईल. इतके दिवस मन कसं दगडासारखं झालं होतं. आज ह्या कामात कुठंतरी ते हलेल, एकेका टाक्याबरोबर थोडं थोडं, असं त्यांना वाटत होतं. निदान तीन संध्याकाळी दादांच्या हाताशी हात लागेल.

कापड पसरून त्या 'घ'पाशी बसल्या. कोपऱ्यावरचे टाके घट्ट होते, ते ब्लेडनं कापले. पुढच्या टाक्याखाली पातं घालायला गेल्या, तर तो आपणहून वर आला. त्यांनी कापड उलटं केलं. खालचा दोरा सरळ रेघेसारखा पडलेला. चिमटीत धरून ओढला, आणि अक्षराची अख्खी बाजू सर्रकन सुटली. दुसरा कोपरा कापला, दुसरी बाजू सुटली. 'घ' हातात आला.

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग 'ई'. मग 'नाही'. मग 'आम्हाला'. प्रत्येक कोपऱ्याला चार पक्के टाके, आणि मधलं सगळं सैल. डबा उघडायची वेळ यायच्या आत कापड मोकळं झालं. उन्हानं सगळीकडचा निळा रंग उडालेला, अक्षरांच्या जागी मात्र तो तसाच गडद. वाक्य काढलं तरी वाचता येत होतं.

एवढंच?

अर्धं शटर वाजलं. दीर वाकून आत आला. येऊ नका म्हटलं होतं, पण न राहवून आला असावा. पिवळी अक्षरं एकावर एक रचलेली बघून तो दारातच थांबला.

"तुम्हाला ठाऊक होतं," वहिनी म्हणाल्या.

त्यानं मान खाजवली. "दादा वरचा दोरा मुद्दाम सैल सोडायचा. कोपरे पक्के असले की वाऱ्याला टिकतं. म्हणायचा, ह्या कापडावर काय कायमचं राहायचंय. उद्या काढताना आपल्यालाच त्रास."

"मग तीन संध्याकाळी काय करत होतात?"

"बसायचो. रेडिओ लावायचो. टोपीवाल्यावरून भांडायचो. मी काढा म्हणायचो, तो राहू दे म्हणायचा."

"आणि ह्यांची बोटं दुखायची ती?"

दिरानं रचलेली अक्षरं उगाच पुन्हा सारखी केली. "त्याबद्दल मला काही बोलला नव्हता."

वहिनींनी 'घ' उचलून मांडीवर ठेवला. किती मलम चोळलं होतं. किती डब्या संपल्या. आणि दादा डोळे मिटून, अगदी दमल्यासारखे, एकेक बोट पुढे करत बसायचे. करंगळीपर्यंत.

"लबाड," त्या म्हणाल्या.

डोळ्यांत पाणी आलं नाही. पण तो शब्द त्यांच्याच तोंडून आला होता, आणि त्याची चव त्यांच्याच तोंडात होती.

दिरानं मास्तरांचे कागदी नमुने आणलेच होते. वहिनींनी पिवळ्या रेक्झिनवर ते ठेवून 'आता पुरे' कापलं, आणि मशीनवर बसल्या.

"किती सैल ठेवायचा?" त्यांनी विचारलं.

दिरानं मशीनवरचा, दोऱ्याचा ताण कमी-जास्त करायचा गोल खटका फिरवून दाखवला. वहिनींनी तो आणखी थोडा सैल केला. कोपरे पक्के घातले, मधली शिवण लांब टाक्याची. अंधार पडायच्या आत काम उरकलं. टोपीवाल्याचं पुढे काय करायचं ते क्लब बघेल. जुनी अक्षरं दीर माळ्यावर टाकायला निघाला, तर त्या म्हणाल्या, "नको. मी घरी नेते."

घरी सासूबाई दाराशीच बसल्या होत्या. त्यांनी सुनेच्या पिशवीतून डोकावणारा पिवळा रंग बघितला, आणि तिच्या हातांकडे बघितलं.

"सगळं उसवलंस?"

"हो."

"एकटीनं?" सासूबाई उठल्या. कपाटात मागं ढकललेली मलमाची डबी शोधून घेऊन आल्या आणि समोर बसल्या. "आण इकडे. त्याची बोटं कशी व्हायची ते काय मला माहीत नाही?"

वहिनींनी हात पुढे केला. सासूबाईंनी अंगठ्यापासून सुरुवात केली. मलम बोटाबाहेर जात होतं, तरी त्या चोळत राहिल्या.

"फार दुखतंय का गं?"

"हो, आई," वहिनी म्हणाल्या, आणि पुढचं बोट पुढे केलं. "फार."