बरणी ज्याची, मर्जी त्याची

नानाजी गेल्याचं मला शाळेत कळलं. मधल्या सुटीत आमचा शिपाई वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "बाई, ते आसववाले नानाजी... सकाळी गेले म्हणे." पुढचा तास चौथीचा होता. तो मी घेतलाही, पण काय शिकवलं ते विचारू नका. त्या दिवशी रडू आलं नाही. आठवड्याभराने बाजारात मनुका घेताना आलं, आणि दुकानदाराला वाटलं, भाव ऐकून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बिचारा भाव कमी करू लागला. या गोष्टीला आता दीड महिना होतोय. नानाजींना हा किस्सा सांगायला हवा होता, पोट धरून हसले असते.

आदिलाबादच्या जुन्या बाजारात त्यांचं दुकान होतं. पाटी तेलुगूत, गिऱ्हाइकाशी बोलणं मराठीत आणि राग आला की उर्दू. त्यांचे वडील वैद्य होते. नानाजी स्वतःला वैद्य म्हणवून घेत नसत. त्यांच्याकडे द्राक्षासव व्हायचं. द्राक्षासव म्हणजे काय, तर सभ्य माणसांनी चमच्याने प्यायची द्राक्षाची दारू, असं माझे यजमान म्हणत, आणि ते फारसं खोटं नव्हतं. पण त्या दुकानात तयार बाटली मिळत नसे. कोणी मागितलीच तर नानाजी म्हणत, "ते मेडिकलमधी भेटते. इथं ज्याचं त्यानं करा लागते." मनुका आणि गूळ तुम्ही आणायचा. बरणी, मसाला आणि जंगलातून आलेली, आसव आंबवणारी धायटीची लाल फुलं ते देणार. धुणं, उकळणं, गाळणं, बरणीला आतून तुपाचा हात फिरवून धूप देणं, सगळं तुमच्या हातांनी. मग तोंडावर कापड बांधून वरून माती लिंपायची आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत भुशाच्या ढिगात बरणी बसवायची. पुढे महिनाभर ती आत कुजबुजत राहते. साधारण त्या सुमारास माती सोडवायची आणि जळती काडी बरणीच्या तोंडात धरायची. काडी विझली तर अजून दम काढा, जळत राहिली तर आसव झालं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी लग्न होऊन पैनगंगेच्या अलीकडे आले, आणि वर्षभरातच मुदतीच्या तापाने मला धरलं. ताप उतरला, पण भूक गेली ती गेलीच. भाकरीचा तुकडा तोंडात फिरत राहायचा. फळ्याशी उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. नवी नोकरी, नवं घर, आणि मी वाळत चाललेली... डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, नवस झाले. शेवटी माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू, मला हाताला धरून नानाजींच्या दुकानी घेऊन गेल्या. आसव हा शब्द कानावर पडला आणि मी उठून उभी राहिले.

"मी दारू पिणार नाही," मी म्हटलं. नवी सून भर बाजारात असं बोलते म्हटल्यावर आत्याबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

त्यामागचं कारण मी सासरी कोणाला सांगितलं नव्हतं. माझे वडील दारूने गेले. पण लोक समजतात तसं ते काही दारूच्या मागे धावत गेले नाहीत. कितीदा तरी त्यांनी सोडली होती. एकदा पोळ्याला बैल मिरवून आल्यावर चार मित्र अंगणात बसले होते. वडील म्हणाले, "नको." मित्र हसले. वडील पुन्हा म्हणाले, "खरंच नको रे." तर एकाने मागून खांदे धरले आणि दुसऱ्याने हसत हसत पेला ओठांना लावला. सगळे प्रेमाचेच होते हो, वैरी कोणीच नव्हता! मी दाराआडून पाहत होते. सुटलेली दारू त्या दिवशी पुन्हा लागली, ती त्यांना घेऊनच गेली. तेव्हापासून "घे ग थोडं" म्हणत कोणी हात पुढे केला की मी मागे सरते.

हे सगळं मी त्या दिवशी त्या परक्या माणसासमोर का बोलले, मला आजही सांगता येणार नाही. नानाजींनी ऐकून घेतलं. समजूत घातली नाही, औषध आहे, दारू नाही, असंही म्हणाले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमी फकस्त करून पाहा. काय पडते अन् काय नाई, डोयानं पाहा. झाल्यावर वास घ्या. मन नाई म्हनलं त मोरीत ओता. मी काऊन म्हनून इचारनार नाई. बरणी ज्याची, मर्जी त्याची."

"अहो, पण तिले प्या त लागनच ना!" आत्याबाई म्हणाल्या.

"वैनी, बरणी तिची हाय," नानाजी म्हणाले. एवढंच.

मी केलं. मनुका धुता धुता एखादी तोंडात जायची, काड्या निवडता निवडता दुसरी. बरणी भुशात बसल्यावर दोन-चार दिवसांआड शाळेतून परस्पर दुकानी जायचा मला नादच लागला. बरणीला कान लावायचा आणि आतली कुजबुज ऐकायची. नानाजी विचारत, "काय म्हनते?" मी म्हणे, "गप्पा मारतेय." "मंग आपुन कायले मधात बोलाचं!" आणि आम्ही हसायचो. त्या महिन्यात पहिल्यांदा मला सासरगावात कोणीतरी आपलं आहे असं वाटलं.

मग बरणी गप्प झाली. माती सोडवली, काडी धरली, ज्योत हलली नाही. मी वाकून वास घेतला... दालचिनी होती, वेलदोडा होता, आणि त्या सगळ्याच्या खालून वडिलांच्या सदऱ्याचा वास आला. मी बरणी उचलली, मागच्या अंगणातल्या मोरीशी गेले आणि सगळी ओतून दिली. आत्याबाई कपाळावर हात मारून ओट्यावर बसल्या. "महिनाभराची मेहनत ग माय..." त्यांचंही चूक नव्हतं. नानाजी मात्र पाण्याची बादली घेऊन आले, माझ्यासमोर बरणी विसळली, उन्हात पालथी घातली आणि म्हणाले, "फुलं चांगली व्हती औंदा. चहा घ्याल?"

चहा घ्याल, म्हणून विचारलं! आमच्याकडे चहा विचारत नाहीत, हातात देतात. मी घेईन म्हटलं, आणि त्याबरोबर बिस्किटंही खाल्ली.

खरी गंमत पुढे आहे. मला भूक लागू लागली होती. ती त्या चालण्याने लागली, मनुकांनी लागली की आणखी कशाने, देव जाणे. यजमान म्हणाले, "वा! आसव प्यायलं मोरीनं आणि गुण आला हिला." पुढच्या साली थंडीत मीच आपण होऊन मनुका घेऊन दुकानी गेले. नानाजींनी का आलात, असं विचारलं नाही. बरणी काढून दिली. ते आसव मी प्यायले. दोन चमचे, तेवढंच पाणी घालून. काही झालं नाही. तोंड गोड झालं, छातीत जरा ऊब आली आणि मी वह्या तपासायला बसले. वडील गेल्यापासून ज्या वासाला मी भीत होते, तो माझ्या हातचा निघाला. नको म्हणायची मुभा मिळाली म्हणून मला हो म्हणता आलं. हे मला कोणा पुस्तकाने शिकवलं नाही, नानाजींनी शिकवलं, तेही न शिकवता.

त्यानंतर दर थंडीत माझी बरणी त्या भुशात असायची. दारूबंदीच्या काळात आबकारीचा एक माणूस चौकशीला आला होता. खोलीभर मातीने लिंपलेली तोंडं पाहून तो चक्रावला. नानाजींनी त्याला खुर्ची दिली आणि म्हणाले, "साहेब, नशा चढेपर्यंत कोनी हे प्यालं त नशेच्या आंधी लोटा घेऊन पयावं लागन." साहेब हसला, आणि जाताना आईच्या खोकल्यासाठी बरणी लावायची रीत विचारून गेला.

या पावसाळ्यात नानाजी आजारी पडले. आजार असा नाही, वयच झालं होतं. मी भेटायला गेले तेव्हा दुकानामागच्या खोलीत सगळे जमले होते. मुलगा प्रकाश उशाशी बसून पेजेचा चमचा ओठांना लावत होता. "बाबा, एक चमचा. फकस्त एकच. माह्यासाठी." नानाजींनी ओठ मिटले, मान बाजूला केली. सून म्हणाली, "तोंड उघडा न मामाजी." कोणीतरी म्हणालं, "मान धरा थोडी." प्रेमच होतं ते, दुसरं काही नव्हतं. आणि मला पोळ्याच्या दिवशीचं ते अंगण दिसलं.

मी पुढे होऊन प्रकाशच्या हातातला चमचा घेतला. "राहू दे रे. नको म्हणतात ते."

"बाई, मंग जातीन ना ते..." प्रकाश रडायला लागला.

"नको म्हणतात, प्रकाश."

सुनेने मान फिरवली. आपण परक्या घरात भलतंच बोलून गेलो की काय, असं मला वाटलं. तेवढ्यात नानाजींनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, आणि हाताने त्याला जवळ बसायची खूण केली. प्रकाश चमच्यावाचून नुसता बसला. बापाचा हात हातात घेऊन बसला. मी निघाले तोवर दोघेही तसेच होते. चार दिवसांनी नानाजी गेले.

तेरवीच्या जेवणाला मी गेले होते. आमच्या भागातली तेरवीची पंगत म्हणजे आग्रहाचा कहर. प्रकाश स्वतः बुंदी वाढत होता. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी पत्रावळीवर हात आडवा धरला. मी मनात म्हटलं, आता हा हात बाजूला सारणार. प्रकाश वाकला, त्यांच्या हाताकडे पाहिलं, "बरं माय," म्हणाला आणि पुढे सरकला. तसाच तो सगळ्या पंगतीतून गेला. ज्याने हात आडवा धरला, तिथे नाही. ज्याने मागितलं, तिथे ओंजळभर.

पंगतीच्या टोकाला पोचला तेव्हा मी त्याला हाक मारली.

"प्रकाश, इकडे ये रे. मला वाढ अजून."